रविवारी सिस्टर नाही

६ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पोचले एकदाची. तुम्ही बळेबळे दिलेली उशी बसमध्येच राहिली होती. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर ती स्वतः घेऊन आला आणि उशीवाचून झोप लागली का, अशी चौकशीही करून गेला. तेव्हा माणसं वाईट नाहीत.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तपासायचं टेबल, वजनकाटा, औषधांचं कपाट आणि लसींचा फ्रिज. मागची खोली माझी. मधल्या दाराला कडी आहे, पण ती लावायची वेळ अजून आलेली नाही, कारण पुढे फारसं कोणी येतच नाही. आजूबाजूच्या वस्त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. दुपारी ऊन त्यांच्या पत्र्यांवर चमकतं तेव्हा कळतं की इतकी घरं आहेत.

बाहेर माझी पाटी लावली आहे : नर्स प्रॅक्टिशनर. तिने घोळ घातलाय. लोकांना वाटतं, ही अजून प्रॅक्टिस करतेय, शिकून झाली की डॉक्टर येईल. मी समजावून सांगते की मी तपासते, निदान करते, नेहमीच्या आजारांना औषध लिहून देते, आणि जे माझ्या आवाक्याबाहेरचं असेल ते डॉक्टरांना फोन करून विचारते किंवा पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवते. ते मान डोलावतात आणि विचारतात, मग डॉक्टर कधी येणार? डॉक्टर एक बुधवार सोडून येतात. भले गृहस्थ आहेत. त्यांच्या बुधवारी अंगणात उभं राहायला जागा नसते. एरवी माझ्याकडे लोक पट्टी बांधून घ्यायला येतात आणि पट्टीबद्दलच बोलतात.

फोन पाण्याच्या टाकीपाशीच लागतो, आणि तिथे भांडी घेऊन अर्धं गाव उभं असतं. म्हणून पत्र.

तुमची

*

२० ऑक्टोबर

वन्सं,

माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकट्या असून तुम्हाला अहो-जाहो करायला सासूबाईंनी लावलं, ते आता सुटत नाही. पत्रात तर ते जास्तच शोभून दिसतं.

पत्रच बरं. फोनवर आपण दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. तुमचे दादा होते तेव्हा ते मध्ये बोलायचे.

लोकांचं म्हणाल तर येतील. तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे सुट्टीला राहायला आलात तेव्हा मीही दोन दिवस फक्त भाजीबद्दलच बोलले होते.

इकडे ठीक. पडदे शिवायची कामं येताहेत, नव्या इमारतीतल्या सगळ्यांना एकदमच लाज झाकायची आहे. मला एक नवीन खूळ लागलंय, बर्फ खायचं. फ्रिजमधला ट्रे काढते आणि मशीनवर बसल्या बसल्या कडाकडा चावते, लहान पोरीसारखी. आणि हल्ली जिना चढताना मधल्या मजल्यावरच्या शेजारणीच्या दाराशी थांबून तिची विचारपूस करते. तिला वाटतंय मी म्हातारपणी प्रेमळ झाले.

जेवता का वेळेवर? एकटीसाठी कोण करत बसणार, हे वाक्य मला लिहू नका. ते माझं आहे.

वहिनी

*

२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

बर्फाचं वाचून एकटीच मोठ्याने हसले.

इथलं चित्र पालटलं आणि ते उशीवाल्या ड्रायव्हरमुळे. पायाची जखम भरत नाही म्हणून पट्टीला आला होता. मी जखम सोडून इतर दहा गोष्टी विचारल्या. तहान किती लागते, रात्री किती वेळा उठतो, वजन उतरलंय का. साखर तपासली तर ती आभाळाला टेकलेली. डॉक्टरांशी बोलून औषध सुरू केलं, जेवणाचं वेळापत्रक आखलं, बूट बदलायला लावले. जखम भरली. आता तो रोज भरल्या बसमध्ये सगळ्यांना ही कथा ऐकवतो, म्हणून मी तुम्हाला लिहिली तरी चालते. त्याच्या बसने माझ्याकडे माणसं आणली. आता सकाळी दार उघडायच्या आत बाहेर चपला असतात.

पण वहिनी, त्याची दुसरी बाजू मला कोणी शिकवली नव्हती. मोठ्या इस्पितळात पेशंट बरा होऊन घरी जायचा आणि मी माझ्या घरी. इथे तो रस्त्यात भेटतो. दुकानवाल्या बाईने मला एक गोष्ट सांगितली, काय ते लिहीत नाही, आणि तेव्हापासून ती माझं सामान खाली मान घालून तोलते. पोस्टमन मला पाहून सिगारेट पाठीमागे लपवतो. कोणाच्या अंगणात चार बायका हसत बसलेल्या असतात. मी गेले की खुर्ची पुढे येते आणि हसू थांबतं. मला सगळ्यांचं सगळं माहीत आहे, म्हणून कोणाकडे सहज जाता येत नाही.

एक घर सोडून. शाळेच्या बाईंचं. पन्नाशीच्या, एकट्या, हजरजबाबी. शाळेतल्या मुलांना लसी द्यायला गेले होते तेव्हा ओळख झाली. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "रविवारी चहाला या, पण एक अट. रविवारी सिस्टर नाही. माझ्या घरात आजाराचा विषय काढायचा नाही, माझाही नाही आणि गावाचाही नाही." आम्ही पत्ते खेळतो. त्या सरळ सरळ लबाडी करतात. तुमच्या पत्रांतल्या गमती मी त्यांना वाचून दाखवते, शेजारणीची त्यांना फार आवडली. सोमवार ते शनिवार मी त्या रविवारावर काढते.

तुमची

*

१६ डिसेंबर

वन्सं,

माझी पत्रं परक्या बायकांना वाचून दाखवता हे कळलं. आता अक्षर जरा बरं काढीन.

तुम्हाला मैत्रीण मिळाली याचा आनंद आहे. थोडा हेवाही आहे, तोही ठेवून घ्या. मी रविवारी गॅलरीत तुमच्या दादांच्या खुर्चीवर बसते आणि समोरच्या इमारतीतले माझेच पडदे बघते. संध्याकाळी भजनी मंडळात जात होते ते सोडलं. कंटाळा येतो इतकंच.

त्या बाईंना सांगा, पत्त्यांत लबाडी करणाऱ्यांशी माझं जमतं.

वहिनी

*

१८ जानेवारी

प्रिय वहिनी,

एक विचारायचं आहे आणि विचारायला दुसरं माणूस नाही.

बाईंचा आवाज बसलाय. बरेच आठवडे झाले. त्या म्हणतात, पोरांवर ओरडून. आधी मीही तसंच धरलं. पण शाळेला सुट्टी होती तेव्हाही तो सुटला नाही. गेल्या रविवारी बिस्कीट खाताना त्या मध्येच थांबल्या आणि पाण्याचा घोट घेऊन ते खाली उतरवलं. स्वेटरच्या गळ्यातून गळ्याची हाडं दिसतात, पूर्वी दिसत नव्हती.

दुसरं कोणी असतं तर मी पहिल्या दहा मिनिटांत बोलले असते. इथे मी तीन रविवार पत्ते पिसत बसले. त्यांनी अट घातली आहे आणि ती मला स्वतःलाच हवी आहे. मी बोलले की त्या घरात सिस्टर शिरणार, आणि एकदा शिरली की बाहेर निघणार नाही, हे मला ठाऊक आहे. ते एकच घर आहे वहिनी. कदाचित नुसता घसाच असेल. कदाचित त्यांनी आधीच कोणाला दाखवलं असेल. असं मी स्वतःला सांगते आणि पुढचं पान टाकते.

त्या माझ्या पेशंट नाहीत म्हणून हे निदान तुम्हाला लिहिता तरी येतंय. काय करू?

तुमची

*

२३ जानेवारी

आज तुम्ही-बिम्ही राहू दे. तू ऐक.

तुझ्या दादाचे डोळे पिवळे दिसले तेव्हा तू त्याला जेवणावरून उठवून खिडकीशी नेलंस. मग मला जिन्यात गाठलंस आणि सरळ सांगितलंस की हे साधं दिसत नाही. डॉक्टर सांगायच्या आधी, रिपोर्ट यायच्या आधी. मला तुझा इतका राग आला की तुझ्या हाताला धरून खाली लोटावं असं वाटलं. तो राग अजून थोडा आहे, खोटं कशाला बोलू. त्या जिन्यापर्यंत मी सुखी होते.

पण त्यानंतर त्याला जे महिने मिळाले त्यात त्याने मला बँकेत उभं राहायला शिकवलं. भावाशी भांडण होतं ते मिटवलं. गॅलरीत बसून आम्ही इतकं बोललो, तेवढं आधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. तू बोलली नसतीस तरी तो गेलाच असता. पण न बोलता गेला असता.

तुझी मैत्रीण जाईल. जाऊ दे. बाई राहतील.

जाऊन सांग.

वहिनी

*

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

रविवारी गेले. त्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं आणि पत्ते काढून ठेवले होते. मी खुर्चीवर न बसता उभ्यानेच विचारलं, "बाई, आवाज किती दिवस असा आहे?"

त्या म्हणाल्या, "आज रविवार आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्या पाठमोऱ्याच राहिल्या. पाणी उकळून भांड्याबाहेर यायला लागलं तरी त्यांनी ज्योत कमी केली नाही. मग म्हणाल्या, "कशाचा संशय आहे ते सांगा. मी पोरांना सांगते तसं गोल गोल नको."

मी सांगितलं. घशात गाठ असू शकते, नसेलही. नळी घालून आत बघावं लागेल, आणि ते याच आठवड्यात. लवकर कळलं तर यावर उपाय आहे, हेही सांगितलं. माझा आवाज दवाखान्यात निघतो तसाच निघाला. मला तो थांबवता आला नाही.

त्यांनी गॅस बंद केला. पत्ते गोळा करून डबीत घातले. म्हणाल्या, "चहा आज राहू दे. उद्या शाळा सुटली की येते."

सोमवारी आल्या. पुढे दोन माणसं होती, त्यांच्या मागे थांबल्या. आत आल्यावर मला सिस्टर म्हणाल्या. आजवर कधी म्हणाल्या नव्हत्या.

वहिनी, त्या दारातून आत आल्या तेव्हापासून त्या माझ्या पेशंट आहेत. पुढचं मला लिहिता येणार नाही. तुम्हालासुद्धा नाही. विचारू नका.

तुमची

*

१४ मार्च

वन्सं,

विचारू नका म्हणालात, नाही विचारलं. त्यानंतर तुमची दोन पत्रं आली. एकात धुकं होतं आणि दुसऱ्यात नवीन वजनकाटा. मी काही अगदीच अडाणी नाही. मला कळायचं ते कळलं, बाई गेल्या.

फार वाईट वाटलं. कधी न पाहिलेल्या बाईसाठी डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही तुमचं काम केलंत एवढंच मनात धरा. मी जा म्हणाले होते, तेव्हा दोष द्यायचा तर मला अर्धा द्या.

वहिनी

*

२२ मार्च

प्रिय वहिनी,

तुमच्या पत्राला काय उत्तर द्यावं कळत नाही. त्यावर हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. एकाबद्दल नाही म्हटलं की उद्या दुसऱ्याबद्दल गप्प राहिले तर त्याचा अर्थ निघणार. म्हणून गप्प.

रविवारी मी दवाखान्याचं कपाट आवरते. तेही आवरून झालं की टाकीपर्यंत चालत जाते. वाटेत शाळा लागते. तिथे सध्या बदलीवर एक तरुण शिक्षक आलाय, सुट्टीच्या दिवशी एकटाच भिंतीवर चेंडू मारत असतो. आम्ही एकमेकांना नमस्कार करतो. कधी तो काही बोलू बघतो, पण मी थांबत नाही. त्याला कधी ना कधी ताप येईलच.

तुमचं काही लिहा. पडदे, शेजारीण, काहीही.

तुमची

*

५ एप्रिल

वन्सं,

काहीही लिहा म्हणालात, मग घ्या.

शेजारणीकडे मी प्रेमाने थांबत नव्हते. मला दम लागतो. आता तर खालच्या मजल्यावरच लागतो. महिन्याचं येणं वर्षभर धड थांबलेलं नाही. आधी वाटलं वयाने असेल, जाईल. मंडळ सोडलं ते कंटाळ्याने नाही, पांढऱ्या चादरीवर बसायची भीती वाटायची म्हणून. परवा मशीनवरून उठले आणि कपाटाला धरून खाली बसले.

तुम्हाला सांगितलं नाही. डॉक्टरची भीती हे एक कारण. दुसरं असं, की जगात तुमच्याशी खुळचटासारखं बोलणारी मी एकटी उरले होते. मलाही तुम्ही पापणी खाली ओढून बघायला लागलात तर मग पत्र कोणाला लिहिणार, आणि तुम्हाला कोण लिहिणार?

पण जा आणि सांग असं तुम्हाला लिहिणारी मीच. ते पत्र पोस्टात टाकल्यापासून माझंच मला खात होतं.

वहिनी

*

९ एप्रिल

प्रिय वहिनी,

हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देतेय, म्हणजे लवकर पोचेल.

उद्याच्या उद्या बायकांच्या डॉक्टरकडे जा. रिक्षाने जा, चालत नाही. शेजारणीला बरोबर घ्या. रक्त तपासायला सांगा आणि पोटाची सोनोग्राफी. मला पत्रात लिहिलंत ते सगळं तिथे सांगा, दमाचं, खाली बसलात त्याचं, बर्फाचंसुद्धा. अंगात रक्त कमी झालं की बर्फ खावासा वाटतो. हे मी दर आठवड्याला कोणाला तरी सांगते, आणि तुमचं वाचून हसले होते.

एवढं सांगून मी थांबते. पुढे मी तुमची सिस्टर होणार नाही. रिपोर्ट मला पाठवू नका, गोळ्यांची नावं लिहू नका, शंका असेल तर त्यांना विचारा. तिथे तुम्हाला बघायला चांगले लोक आहेत. मला लिहायचं ते शेजारणीच्या चुगल्या आणि तुमचा राग.

मला एक माणूस असं ठेवू द्या.

टाकीपाशी जाऊन तीनदा फोन लावला. तुम्ही उचलला नाहीत. उचला.

तुमची

*

२८ एप्रिल

वन्सं,

फोनवर आपण पहिल्यांदाच गप्प बसलो नाही. पाठीमागे बादल्या वाजत होत्या आणि तुम्ही रडत होतात, गावाने ऐकलं असेल.

तुमचं ऐकते, आकडे लिहीत नाही. गर्भाशयात गाठी आहेत, साध्या आहेत म्हणतात. मला दोन दिवस ठेवून रक्त चढवलं. कोणाचं होतं कोण जाणे, पण माणूस तापट असणार, कारण घरी आल्या आल्या मी दोन गिऱ्हाइकांशी भांडले. बर्फ खावासा वाटत नाही. पिशवी काढायची ठरली आहे, सहा जूनला. डॉक्टरीण तरुण आहे, तिच्या केबिनचे पडदे फार वाईट आहेत.

बरोबर कोण येणार असं विचारतात. शेजारीण तयार आहे, पण तिला रक्त बघून चक्कर येते. मी म्हटलं, एकटी येईन. तशी सवय झाली आहे.

वहिनी

*

२० मे

प्रिय वहिनी,

आधी हे सांगते, कारण आता सांगायची परवानगी मिळाली आहे. शाळेच्या बाई आहेत. तुम्ही ज्या अर्थाने लिहिलं होतंत त्या अर्थाने गेल्या नव्हत्या, उपचारांना शहरात गेल्या होत्या. गाठ घशातच होती, लहान होती. मशीनखाली किरणांचे शेक दिले. आवाज खरखरीत झाला आहे आणि तसाच राहील, पण जूनपासून शाळा घेणार आहेत. काल तपासायला आल्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्या त्या वहिनींना कळवा, मी जिवंत आहे. त्यांच्या शेजारणीचं पुढे काय झालं ते मला कळलंच नाही."

मला वाटलं, आता म्हणतील रविवारी या. त्या दाराशी थांबल्या खऱ्या. म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही मला वाचवलंत. पण तुम्हाला पाहिलं की मला माझा घसाच आठवतो. राग मानू नका." मी म्हटलं, राग नाही. आणि खरंच नाही. त्या उतार उतरून दिसेनाशा होईपर्यंत मी दारात उभी होते. त्यांची चाल चांगली आहे, पाय दमदार पडतात. मग पुढच्या पेशंटला आत घेतलं.

रविवार मोठा असतो, वहिनी. ते काही बदललेलं नाही. पण सकाळी शाळेकडून त्यांचा तो खरखरीत आवाज येईल, पाढे म्हणवून घेताना. तो ऐकत मी कपाट आवरीन.

आता दुसरं. मी रजा टाकली आहे. इथे आल्यापासून एकही घेतली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी वर अर्ज लिहून माझ्या जागी दुसरी नर्स मागवली आणि मला जवळजवळ दटावून पाठवताहेत. पाच तारखेच्या बसने येते. ड्रायव्हरने पुढची जागा राखून ठेवली आहे.

तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये माझी एक जुनी मैत्रीण आहे. तिने कळवलं, हवं तर आत उभी राहा, मी बघते. मी नको म्हटलं. आजवर अशा प्रत्येक वेळी मी आत होते, हातमोजे घालून. दादाच्या वेळीसुद्धा आतच होते आणि बाहेर तुम्ही एकट्या बसला होतात. या वेळी मी बाहेर बसेन, सगळ्यांसारखी, हातात तुमची चप्पल आणि पाण्याची बाटली घेऊन. घड्याळाकडे बघेन, उगाच उठून दारापर्यंत जाऊन येईन. आत काय चाललंय ते मला पायरी पायरीने माहीत असेल आणि त्याचा काही उपयोग नसेल.

मग दार उघडून कोणीतरी सिस्टर विचारेल, या पेशंटबरोबर कोण आहे?

मी आहे म्हणेन. नणंद.

तुमची